पांढऱ्या फुलांचा ताजेपणा

नमस्कार, श्रोतेहो.

वसंत आला की परफ्यूमच्या जाहिरातीतली मुलगी हमखास पांढऱ्या कपड्यांत दिसते. अंगावर कोवळं ऊन, हातात पांढरी फुलं, चेहरा नुकताच धुतल्यासारखा. वसंतातल्या दिवसांसाठी पांढऱ्या फुलांचा ताजा सुगंध, असं ते सगळं चित्र. आज या ताजेपणाची जरा झडती घेऊ या. तो येतो कुठून? बहुतेक फुलांतून तर नक्कीच येत नाही.

चमेली, मोगरा, निशिगंध, अनंत ही परफ्यूमच्या दुनियेतली मोठी पांढरी फुलं. यातली बहुतेक संध्याकाळनंतरच खरी रंगात येतात. त्यांच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे रात्री उडणारे पतंग. अंधारात लाल-निळ्या रंगाचं कौतुक करायला कोणी नसतं, तेव्हा सगळी मदार वासावर. आणि लांबून बोलावणं धाडायचं तर वास दांडगाच हवा. निशिगंधाची एकच काडी बंद खोलीत ठेवा, मध्यरात्री खिडकी उघडावीशी वाटेल.

या जडपणाला कारणीभूत असलेल्या एका रेणूचं नाव इंडोल. तो शुद्ध, घट्ट स्वरूपात हुंगला तर डांबराच्या गोळ्यांची आठवण येते. आणखी जवळून हुंगला तर... आता रेडिओवर कसं सांगू? विष्ठेतही तोच असतो, एवढं सांगितलं तरी पुरे. चमेलीच्या अर्कात तो शेकडा दोन-अडीच असतो, आणि गंमत म्हणजे तो काढून टाकला की चमेली निर्जीव होते. या फुलांचा मोह आणि त्यांची किळस, दोन्ही एकाच घरात नांदतात.

पांढऱ्या फुलांचा हा मोहक, जड बाज ऐकायचा... चुकले, हुंगायचा असेल, तर जेर्मेन सेलिए या परफ्यूमर बाईंनी १९४८ साली पॅरिसचे फॅशन डिझायनर रोबेर पिगे यांच्यासाठी केलेलं ‘फ्राका’ बघा. निशिगंधाचा असा तोरा की माणूस खोलीत यायच्या आधी परफ्यूम येऊन बसतं. अप्रतिम काम आहे. पण वसंतातल्या सकाळी अकरा वाजता? नको.

मग दिवसाचं, हलकं पांढरं फूल करायचं कसं? एक वाट निसर्गानेच ठेवली आहे. फ्रान्समधल्या ग्रास भागात चमेली तोडतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे वसंत कधीच सरलेला असतो. कडू नारिंगाच्या झाडाला मात्र खरोखर वसंतातच बहर येतो. ट्युनिशिया, मोरोक्कोकडे तेव्हा फुलं वेचायची धांदल असते. ही फुलं वाफेवर ऊर्ध्वपातित केली की नेरोली तेल मिळतं, साधारण टनभर फुलांतून किलोभर. त्यात फुलाचा गोडवा असतो, पण सोबत पानाचा कडवट हिरवेपणा आणि लिंबाच्या सालीची झणक असते. तीच फुलं विद्रावकात घालून काढलेला अर्क मात्र गडद, मधाळ आणि थोडा जनावरी लागतो. झाड तेच, फूल तेच, काढायची रीत बदलली की सकाळची रात्र होते! ताजं परफ्यूम हवं असेल तर घटकांत नेरोली आहे का, हे विचारून घ्यावं.

दुसरं वसंतातलं पांढरं फूल म्हणजे लिली ऑफ द व्हॅली. छोट्या घंटा लटकल्यासारखी फुलं, वास स्वच्छ, ओला, गारेगार. दिसायला गरीब, पण झाड पुरतं विषारी. आणि परफ्यूमवाल्यांच्या दृष्टीने हे फूल मुकं आहे. वाफ लावा, विद्रावक लावा, कामाला येईल असा अर्क ते देतच नाही. म्हणून या फुलाचं प्रत्येक परफ्यूम हे रसायनांतून रंगवलेलं चित्र असतं. त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे फ्रेंच परफ्यूमर एदमों रुदनित्स्का यांनी १९५६ साली केलेलं ‘दिओरिसिमो’. फूल नीट हुंगता यावं म्हणून त्यांनी ते आपल्या बागेत लावलं होतं. अशा चित्रांतला एक लाडका रंग होता लिलिआल नावाचा कृत्रिम सुगंधी रेणू. प्रजननक्षमतेला घातक ठरवून युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि कितीतरी जुन्या परफ्यूमचे फॉर्म्युले बदलावे लागले. तुमचं आवडतं परफ्यूम हल्ली ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असं वाटत असेल, तर तो तुमच्या नाकाचाच दोष असेल असं नाही.

आता या सगळ्या कथेतला माझा लाडका नायक. त्याचं नाव हेडिओन. चमेलीच्या गंधातल्या एका रेणूच्या जवळचा नातलग, प्रयोगशाळेत घडवलेला. फिर्मेनिश या सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या कंपनीच्या रसायनज्ञांनी तो शोधला आणि याच रुदनित्स्कांनी १९६६ साली ‘ओ सोव्हाज’ या पुरुषांच्या परफ्यूममध्ये वापरून त्याची करामत दाखवली. हेडिओन नुसता हुंगला तर ‘हे काय, वासच नाही’ असं म्हणाल. फार तर फिकट चमेली, किंचित लिंबू. पण जड फुलांच्या मिश्रणात तो घातला की कोंदट खोलीची खिडकी उघडल्यासारखं होतं. फुलं तिथेच असतात, त्यांच्यामध्ये हवा खेळायला लागते. आजच्या हलक्या पांढऱ्या फुलांच्या परफ्यूममध्ये तो ओंजळीने ओतलेला असतो.

याची परीक्षा घरी करता येते. कागदाच्या पट्टीवर एक फवारा मारा. पहिली पाच मिनिटं जे नाकात शिरतं ते बहुधा लिंबूवर्गीय असतं: बर्गामॉट, मँडरिन, कधी पिअरसारखं काही पाणीदार. या भुलवणीवर निर्णय घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी फूल वर येतं. तेव्हा पट्टी नाकाला न चिकटवता चार बोटं लांब धरा आणि हलवा. वास झुळकीसारखा येतो की गोळ्यासारखा आदळतो, ते कळेल. तासाभराने पुन्हा हुंगा. चांगल्या कामात अजून फूल शिल्लक असतं, थोडंसं मऊ, थोडंसं त्वचेसारखं. बेताच्या कामात उरतो तो फक्त धुतलेल्या कपड्यांचा वास.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. ताजेपणाच्या नावाखाली हल्ली फूल इतकं घासूनपुसून काढतात की त्यात इंडोलचा मागमूस राहत नाही. तळाला व्हाइट मस्क, म्हणजे कस्तुरीच्या जातीचा स्वच्छ, कृत्रिम वास, वर शाम्पूची गोडी, मध्ये फुलाचं नुसतं नाव. याला वाईट म्हणायचं कारण नाही, ऑफिसात कोणाच्या डोक्यात जाणार नाही. पण मला फुलात थोडी माती हवी. दुपारी चारच्या सुमारास मनगटाकडे नाक नेल्यावर ‘अरे, हे कोण?’ असं वाटलं पाहिजे. आणि त्या मस्कची आणखी एक खोड आहे: काही माणसांना ठरावीक मस्कचा वास येतच नाही, नाक त्या रेणूला जन्मजात बहिरं असतं. त्यामुळे ‘उडून गेलं’ म्हणून तुम्ही आणखी चार फवारे मारता आणि शेजारी बसलेला माणूस खुर्ची सरकवतो. शिवाय मस्कचा वास येत असला तरी सतत जवळ असलेल्या वासाची दखल घेणं नाक थोड्याच वेळात सोडून देतं. तेव्हा उरलं किती, हे दुसऱ्यालाच विचारावं.

उन्हात वास लवकर उडतो आणि जोरातही येतो. सकाळी गारव्यात बेताचा वाटलेला मोगरा दुपारी आवाज चढवतो. दोन फवारे पुष्कळ झाले. एक मानेमागे, एक कोपराच्या आतल्या बाजूला. ओ द त्वालेत हा पातळ प्रकार दिवसासाठी बरा, ओ द पार्फममध्ये अर्काचं प्रमाण सहसा जास्त असतं.

आणि शेवटी एक कामाची गोष्ट. पांढऱ्या फुलांचं परफ्यूम पांढऱ्या कपड्यांवर मारू नका. इंडोलला उजेड आणि हवा लागली की तो तांबूस-तपकिरी होत जातो. नारिंगाच्या फुलात मिथाइल अँथ्रानिलेट नावाचा घटक असतो, तो परफ्यूममधल्या अल्डिहाइड नावाच्या काही सुगंधी रसायनांशी संयोग पावून पिवळा रंग धरतो. कॉलरवर डाग पडतो आणि सहज निघत नाही. याच कारणाने बाटलीतलं परफ्यूम वर्षभरात थोडं पिवळं झालं तर घाबरून फेकून देऊ नका, आधी हुंगून बघा. वास जागेवर असेल तर खुशाल वापरा. पहिल्याच फवाऱ्याला आंबूस किंवा जुन्या तेलासारखा वास आला, तरच ते गेलं समजा. बाटली खिडकीत मांडायचा मोह होतो, ती दिसतेही छान, पण तिची जागा कपाटातल्या अंधारात, खोक्यासकट. बाथरूमच्या फळीवर तर मुळीच नको.

नमस्कार.