मोठ्या आतड्यापर्यंत काय पोहोचते?

लठ्ठपणा असलेल्या मुलामुलींचे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात: वजन वाढण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा हात असेल, तर त्यावर एखादी गोळी नाही का? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारताना जिवाणू काय खाऊन जगतात, याकडे आपले दुर्लक्ष होते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. साखर, मैदा, तेल यांचे पचन आणि शोषण लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण होते. खाली उतरतो तो मुख्यतः आपल्याला न पचलेला चोथा, म्हणजे तंतुमय भाग. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्यूटिरेट ही लहान मेदाम्ले तयार होतात. ब्यूटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे, आणि या मेदाम्लांमुळे तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरकेही स्रवतात. चोथा मिळाला नाही म्हणून जिवाणू उपाशी राहत नाहीत. त्यांच्यातले काही आतड्याचे रक्षण करणारा श्लेष्माचा थरच खाऊ लागतात. 2016 साली उंदरांवरील प्रयोगात हा थर पातळ होत गेलेला स्पष्ट दिसला.

माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग 2013 सालचा, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेतला आहे. जुळ्या बहिणींपैकी एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ, अशा जोड्यांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तेव्हा लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांत मेद अधिक साठला. बातम्यांत एवढेच गाजले. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा होता. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, की सडपातळ बहिणीचे जिवाणू लठ्ठपणाकडे झुकणाऱ्या उंदरांत शिरत (उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे हे सहज घडते) आणि मेदवाढ थांबत असे. परंतु फळे-भाज्या भरपूर आणि संपृक्त मेद कमी, असा आहार असला तरच. संपृक्त मेद जास्त आणि फळे-भाज्या कमी, अशा आहारावर ते जिवाणू रुजलेच नाहीत.

आता गोळीविषयी. न्यूझीलंडमध्ये 14 ते 18 वयाच्या, लठ्ठपणा असलेल्या 87 जणांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींना निरोगी, सडपातळ दात्यांच्या विष्ठेतील जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्या गेल्या, तर उरलेल्यांना जिवाणू नसलेल्या दिखाऊ कॅप्सूल. पोटाभोवतीच्या मेदाचे प्रमाण थोडे सुधारले, पण उंचीच्या तुलनेतील वजनात फरक पडला नाही. याउलट कॅनडात 7 ते 12 वयाच्या 42 मुलांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला 16 आठवडे रोज 8 ग्रॅम इन्युलिनयुक्त (इन्युलिन हा वनस्पतींतला एक तंतुमय पदार्थ) तंतू दिले गेले. त्या गटात बिफिडोबॅक्टेरियम हे आतड्यातले उपकारक जिवाणू वाढले आणि शरीरातील मेदाचे प्रमाण घटले. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये; तरीही नवे जिवाणू आणण्यापेक्षा असलेल्यांना पोसणे अधिक फळते, असे मला त्यातून वाटते.

‘फर्मिक्युटीस’ आणि ‘बॅक्टेरॉइडेटीस’ या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तरावरून लठ्ठपणा ओळखण्याची कल्पना मात्र मागे पडली आहे, कारण पुढच्या अभ्यासांत हा संबंध फारच क्षीण ठरला. त्यामुळे विष्ठेची महागडी तपासणी करून मुलाचा आहार ठरवण्याची घाई कोणी करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशीनुसार 6 ते 9 वर्षांच्या मुलांना रोज किमान 21 ग्रॅम आणि 10 वर्षांवरील सर्वांना किमान 25 ग्रॅम तंतू अन्नातूनच मिळायला हवेत, म्हणजे अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतून. ही वाढ एकदम केली तर पोट फुगते, गॅस होतो आणि मूल चौथ्या दिवशी ताट बाजूला सारते. म्हणून काही आठवडे घेऊन, पाण्याचे प्रमाणही वाढवत, ती हळूहळू करावी.