बाल्दे म्हणजे बालदी

[दृश्य: पहाट. भिंतीतली एक खिडकी, आत वाफा सोडणारं कॉफीचं यंत्र. बाहेर फुटपाथवर सात-आठ माणसं उभ्या उभ्या गप्पा मारताहेत.]

ठाण्याला आमच्या मजल्यावर एक कुटुंब राहायचं. वीस-बावीस वर्षांचा शेजार. त्यातल्या काकूंना मराठी येतं का विचारलं, की त्या हसून म्हणायच्या, "थोडा थोडा." वीस वर्षांत थोडा थोडा! मी घरात येऊन आईपाशी फणफणायचे. इथलं पाणी पितात, इथली भाजी खातात, भाषा मात्र नको.

आता मी हायलीयात राहते. अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात, मायामीला खेटून असलेलं हे शहर. वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि दर 100 माणसांतली 90 हून अधिक घरी स्पॅनिश बोलणारी. मला कुणी विचारलं, स्पॅनिश येतं का, तर मी हसते आणि म्हणते, "उन पोकितो."

थोडा थोडा.

[दृश्य: विमानतळाच्या कुंपणापलीकडे उतरणारं विमान. अलीकडे टायरची दुकानं, गोदामं, बैठी घरं.]

नवऱ्याला विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये काम मिळालं, म्हणून आलो. अमेरिकेला जायचं तर इंग्रजी पक्कं हवं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्याच्या परीक्षा देऊन, गुण मिळवून, छाती काढून आलो. दुसऱ्याच दिवशी किराण्याच्या दुकानात गल्ल्यावरची बाई मला "मि आमोर" म्हणाली आणि पुढे भराभर जे बोलली, त्यातलं अक्षर कळलं नाही. मी इंग्रजीत विचारलं. तिने खांदे उडवले. शेवटी रांगेतल्या एका शाळकरी मुलाने मध्ये पडून सांगितलं, की पिशव्या हव्यात का, एवढंच ती विचारतेय.

मि आमोर म्हणजे माझ्या जिवा. पुढे कळलं की इथे नर्सपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळेच सगळ्यांचे जीव असतात. आपल्याकडे भाजीवाला ताई म्हणतो, तसंच.

या शहराची क्यूबन लोकांनीच, म्हणजे क्यूबा बेटावरून इथे येऊन राहिलेल्यांनीच, केलेली एक थट्टा आहे: "आग्वा, फांगो इ फाक्तोरिया." पाणी, चिखल आणि कारखाने. पहिला पावसाळा काढल्यावर मला ती थट्टा वाटेनाशी झाली.

[दृश्य: खिडकीतून एक हात बाहेर येतो. छोटा पांढरा पेला, त्यावर अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या कपांची चळत.]

ही खिडकी म्हणजे व्हेंतानिता. क्यूबन खाणावळींच्या भिंतीत असते. कॉफीचे पहिले चार थेंब साखरेवर पाडून ते पांढरट होईपर्यंत घोटायचे आणि मग त्या फेसावर बाकीची कॉफी ओतायची. आपण घरी कपात कॉफी आणि साखर चमच्याने फेटत बसतो, त्याचीच ही मोठी बहीण. पहिल्यांदा आले तेव्हा पुढच्या माणसाचं ऐकून मीही म्हटलं, "कोलादा." पेला घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. खिडकीतली बाई माझ्याकडे बघतच राहिली. कोलादा एकट्याने प्यायची नसते. ते छोटे कप वाटायला असतात, पाच-सहा जणांत. आपल्या कटिंगचे आणखी तुकडे करावेत तसं. त्या रात्री अडीचपर्यंत मी छताकडे बघत पडले होते.

[दृश्य: दुमजली इमारत, बाहेरून जाणारा लोखंडी जिना. दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद.]

एकदा दारावर एक कागद आला. स्पॅनिशमध्ये दोन ओळी. "आग्वा" कळलं. 8 आणि 5 हे आकडे कळले. "मार्तेस" कळलं नाही. मार्च महिन्याशी काही संबंध असावा, आणि मार्च तर उलटून गेला होता. कागद काढून टाकला.

मार्तेस म्हणजे मंगळवार. गंमत बघा, तिथेही तो मंगळ ग्रहाचाच वार आहे. पण ही गंमत मला मंगळवारी सकाळी सव्वाआठला, अंगाला साबण लागलेला असताना कळली. नळातून नुसती हवा येत होती.

दार वाजलं. टॉवेल गुंडाळून फटीतून पाहिलं. शेजारच्या आजी उभ्या होत्या, हातात पाण्याने भरलेली निळी बालदी. बालदीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "बाल्दे." माझ्या दंडावरच्या फेसाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हाबोन." आणि इतक्या हसल्या की बाल्देतलं पाणी जिन्यावर सांडलं.

मला मात्र तिथे, तशा अवस्थेत, वसई आठवली. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्याआधी दोन शतकं तिथे पोर्तुगीज होते. आमचं ठाणंही त्यांच्याकडे होतं. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द आपल्या घरात राहिले: बालदी, साबण, चावी, पाव, बटाटा, पगार. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. म्हणजे मी अगदीच रिकाम्या हाताने आले नव्हते, बालदी घेऊन आले होते.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. माणसांनी ओसंडणाऱ्या नावा. मग मायामीचा उंच, पिवळसर फ्रीडम टॉवर.]

शेजारच्या आजी 1980 मध्ये नावेतून आल्या. त्या वर्षी फिडेल कॅस्ट्रोने क्यूबातलं मारिएल बंदर उघडलं. ज्याला जायचं त्याने जावं, म्हणाला. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा-सात महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले. त्याआधी, 1959 च्या क्रांतीनंतर आलेले वेगळे. त्यांची कागदपत्रं, औषधपाणी, पहिला शिधा या फ्रीडम टॉवरमध्ये व्हायचा. इमारत 1925 ची, एका वर्तमानपत्राची. 1962 ते 1974 ती निर्वासितांचं केंद्र होती.

हे सगळं गुण्यागोविंदाने झालं असं समजू नका. मायामी ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आहे (तेव्हा नाव डेड, आता मायामी-डेड), तिने 1973 मध्ये स्वतःला द्विभाषिक जाहीर केलं. 1980 च्या नोव्हेंबरात, मारिएलच्या नावा नुकत्याच थांबल्या होत्या, तेव्हा मतदारांनी ते उलटवलं: सरकारी पैसा इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवर खर्च करायचा नाही. तो नियम 1993 मध्ये रद्द झाला. मधल्या काळात, 1988 मध्ये, राज्याने घटनेत इंग्रजीला अधिकृत भाषा म्हणून लिहून घेतलं. ते आजही तिथे लिहिलेलं आहे. आणि आज इथली मतपत्रिका तीन भाषांत निघते: इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रेओल.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. फक्त मी आजवर त्यात एकाच बाजूला उभी होते.

आजींना इंग्रजी येत नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात तेच म्हटलं, जे ठाण्याच्या काकूंबद्दल म्हणायचे. मग हळूहळू त्यांचा दिवस कळत गेला. आल्या त्या हायलीयातल्या शिवणाच्या कारखान्यात. ओळीने क्यूबन बायका, देखरेखीला क्यूबन, डबा देणारा क्यूबन. इंग्रजी होतं ते फक्त पगाराच्या पावतीवर. संध्याकाळी घरी तीन मुलं. वर्ग कुठे आणि कधी करायचा? नागरिकत्वाच्या परीक्षेलाही अडलं नाही. वयाची 55 वर्षं आणि कायम रहिवासी म्हणून 15 वर्षं झाली असतील, तर ती परीक्षा आपल्या भाषेत देता येते.

ठाण्याच्या काकूंचा दिवस कसा जायचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

[दृश्य: वाचनालयाच्या फलकावर वर्गांच्या जाहिराती.]

मी स्पॅनिशचा वर्ग शोधायला निघाले, तर जिथे जावं तिथे इंग्रजीचे वर्ग. या गावात स्पॅनिश शिकायला येणारं कोण असणार! मग मोबाइलवर शिकले. पण मोबाइलमधली बाई म्हणते, "कोमो एस्तास." इथला माणूस म्हणतो, "कोमो एहता." क्यूबन लोक शब्दाच्या शेवटचा स खाऊन टाकतात. बसला मोबाइलमध्ये एक शब्द, इथे "ग्वाग्वा." आणि पपईला पपई म्हणायची सोय नाही, अनेक क्यूबनांच्या तोंडी तो असभ्य शब्द आहे. ते म्हणतात "फ्रुता बोम्बा." ही माहिती मला भरल्या दुकानात मिळाली.

खरी शिकवणी झाली ती जिन्यावर, आजींकडे. आणि तिथे लक्षात आलं की मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीतून शिकायची गरजच नाही. इंग्रज म्हणतो, मी कॉफी आवडवतो. स्पॅनिश म्हणते, "मे गुस्ता," मला आवडते. जसंच्या तसं. डोकं दुखतं तेव्हाही "मे दुएले," मला दुखतं. त आणि द आपलेच, दातांना जीभ लावून. अमेरिकन माणसाची तिथे बोबडी वळते. दोस म्हणजे दोन, त्रेस म्हणजे तीन, दिएन्ते म्हणजे दात, नुएवो म्हणजे नवा. एकाच प्राचीन कुळातल्या दूरच्या भाच्या-पुतण्या या.

आणि तू म्हणजे तू. उच्चार तोच, अर्थ तोच.

मी आजींना आदराने "उस्तेद" म्हणत होते, म्हणजे तुम्ही. एक दिवस त्या चिडल्या. मी एवढी म्हातारी दिसते? तू म्हण. नातवंडं "आबुएला" म्हणतात, तूही तेच म्हण. आबुएला म्हणजे आजी. आणि आजीला आपण तरी कुठे अहो-जाहो करतो?

तेव्हापासून ती माझी आबुएला.

इथे वाढलेल्या मुलांचं इंग्रजीही ऐकण्यासारखं आहे. मोटारीतून उतरायचं तर ती "गेट डाउन फ्रॉम द कार" म्हणतात. इथल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलाय: स्पॅनिशचं "बाहार्से", म्हणजे खाली उतरणं, इंग्रजीत उतरलंय. बाकीच्या अमेरिकेला ते खटकतं. मला नाही. मी शाळेपासून बसमधून "गेट डाउन"च करत आलेय.

[दृश्य: भाजीच्या दुकानातले कंद. हातात एक लांबट, तपकिरी, मेण लावलेला कंद.]

हा युका. याच्यापासून आपला साबुदाणा होतो. हे रताळं, बोनियातो. ही मालांगा, अळकुडीच्या घराण्यातली. उपवास करायला हायलीयाइतकं सोयीचं गाव नाही. इतर दिवशी मात्र जपावं लागतं. "सिन कार्ने" म्हणाल, मांस नको, तर हॅम घातलेलं पान समोर येईल, कारण क्यूबन माणसाच्या लेखी कार्ने म्हणजे गोमांस. हॅम हे हॅम, कोंबडी ही कोंबडी. काळ्या घेवड्यातसुद्धा डुकराचा तुकडा दडलेला असू शकतो. म्हणून मी एक मंत्र पाठ केलाय: "नि कार्ने, नि पोयो, नि हामोन, नि पेस्कादो." मांस नको, कोंबडी नको, हॅम नको, मासाही नको. तो म्हटला की आबुएला छातीवर क्रूस काढते.

[दृश्य: 17 डिसेंबर. मेणबत्त्या, जांभळी फुलं. कुबड्या घेतलेल्या म्हाताऱ्या संताची मूर्ती. काही माणसं नवस फेडायला गुडघ्यांवर चालताहेत.]

हा सान लासारो. आजाऱ्यांचा कैवारी. हायलीयात त्याचं देऊळ आहे, आणि 17 डिसेंबरला त्याची जत्रा असते. आबुएला मला घेऊन गेली. मूर्ती पाहिली आणि मी थबकले. पायाशी कुत्री. डिसेंबर महिना. इकडे दत्तजयंती तोंडावर.

मला तिला दत्त सांगायचा होता. क्रियापदं आठवेनात. मोबाइलवर तसबीर काढली आणि होते नव्हते तेवढे शब्द जोडले. "त्रेस काबेसास." तीन डोकी. "उना वाका." एक गाय. "क्वात्रो पेर्रोस." चार कुत्री.

तिने चष्मा लावला, तसबीर मोठी केली, एकेका कुत्र्यावर बोट ठेवून मोजलं. मग सान लासारोकडे पाहिलं.

"एल नुएस्त्रो तिएने दोस," म्हणाली. "नादा मास."

आमच्याकडे दोनच आहेत.