तेलाच्या कॅनचा हिशेब

पत्रिकेवर विषय छापलाय ‘फास्ट फूड आणि घरचं जेवण : कॅलरींची तुलना’. बर्गरकडे येतेच, पण आधी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊ. आहारतज्ज्ञ म्हणून मी रोज ऐकते, ‘मॅडम, बाहेरचं काहीच खात नाही, तरी वजन हटत नाही.’ इथे कोणाचं असं आहे? करा हात वर. अहो, पुढच्या दोन रांगा भरल्या की!

ही माणसं खोटं बोलत नाहीत. एकादशीचंच बघा. एका वडापावात साधारण 300 कॅलरी असतात. आता खिचडी. भरलेल्या बशीत कोरडा साबुदाणा 75 ग्रॅम, म्हणजे 260 कॅलरी. दाण्याचं कूट 30 ग्रॅम, त्याच्या 170. दोन छोटे चमचे तूप, 90. बटाट्याच्या फोडी, 40. झाल्या 560! आणि ‘उपास आहे, घे अजून थोडी’ हा आग्रह वेगळाच. जेवणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायचं, ही आपल्याकडची माया. मला तिचा मनापासून त्रास होतो.

एका ओळखीच्या घरी मी वजनकाटा घेऊन गेले होते. कढई काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि आजींना म्हटलं, नेहमीसारखं तेल घाला. आजींनी कॅन तिरका केला. मोजून नाही, अंदाजानं. उभा जन्म गेलाय त्यांचा त्या कढईपुढे. काटा थांबला 46 ग्रॅमवर. ‘वांगं तेल पितं गं,’ त्या म्हणाल्या. खरंच पितं, वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. पण तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे भाजीत पहिला मसाला पडायच्या आधीच 414 झाल्या.

मग सूनबाईंना विचारलं, कॅन किती पुरतो? चौघांना महिन्याला 5 लिटर. तिथेच कागदावर मांडलं. 5 लिटर म्हणजे जेमतेम साडेचार किलो. माणशी रोज 38 ग्रॅम, सुमारे 340 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी मार्गदर्शिका दिली, तिच्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. या घरात तूप अजून मोजायचंच होतं. सूनबाई कागद बघून गप्प झाल्या. आजी मात्र म्हणाल्या, ‘मग मला पळी दे मोजायची.’ मला आजी फार आवडल्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणतात. तर बर्गर.

बटाट्याच्या टिक्कीचा साधा बर्गर साडेतीनशेच्या आसपास. त्याच्यासोबत मध्यम फ्राइज धरा 300, 300 मिलिलिटर कोल्ड्रिंक 130. बेरीज पावणेआठशे ते आठशे. घरचं ताट : दोन पोळ्या, वाटी वरण, वाटी भात, चमचाभर तेलातली भाजी, काकडीची कोशिंबीर, थोडं दही. 600 ते 650. फरक दीडशेचा, फार मोठा नाही. पण घरच्या ताटात डाळीची आणि दह्याची प्रथिनं आहेत, भाजीचा चोथा आहे, त्यामुळे चार तास भूक लागत नाही. कोल्ड्रिंकमध्ये नुसती साखर, पोट भरल्याची जाणीवच होत नाही. निदान दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेनूवर कॅलरी लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्या कढईवर कोण लिहिणार? म्हणून आज नवा कॅन फोडलात की त्याच्यावर मार्करनं तारीख घाला, संपला की दुसरी. महिनाभरानं मला आकडा कळवा.

हो, मागून साजूक तुपाचं विचारताय ना? साजूक असलं तरी ग्रॅमला 9च. वरणभातावर एक छोटा चमचा खुशाल घ्या, फक्त तेवढं तेल भाजीतून कमी करा.