वीस अंशांचं पाणी

(दृश्य : निफाड तालुका, पहाट. द्राक्षबागेत शेकोट्यांचा धूर.)

निवेदन :
पौषातला गारठा. बोटं आखडलीयेत, आणि काका बागेला पाणी सोडतायत.

"एवढ्या थंडीत पाणी कशाला, काका?"

ते माझा हात धरून पाइपाच्या तोंडाशी नेतात. पाणी कोमट.

"विहिरीचं आहे रे. मुळ्या गारठल्या की वेल खायचंच थांबतो. मग मणी फुगायचा कसा?"

(दृश्य : फ्लोरिडा, ब्लू स्प्रिंगचा झरा.)

जमिनीतून येणाऱ्या अशाच पाण्याच्या आधारावर इथली मॅनटी, पाण्यातच राहणारा एक शाकाहारी सस्तन प्राणी, हिवाळा काढते. मन्नारच्या आखातातल्या आपल्या डुगाँगची, म्हणजे समुद्रगायीची, ही नातलग. वजन पाचशे किलोच्या घरात, पण अंगावर चरबीचं पांघरूण पातळ आणि शरीराची भट्टी मंद. पाणी 20 अंशांखाली गेलं की तिच्या जिवावर बेततं. निफाडकराला 20 अंशांच्या हवेत अंगातला स्वेटर उतरवावासा वाटेल. पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी झपाट्याने ओढून नेतं.

(दृश्य : वल्ह्यासारखा पुढचा पाय, जवळून.)

कडेचे हे पांढरट चट्टे पाहा. ऊब वाचवायला रक्त आत वळलं, कातडी उपाशी राहिली. इथूनच जंतू आत शिरतात. त्यांना अडवणाऱ्या लिम्फोसाइट पेशी मात्र थंडीने आधीच खचलेल्या. त्यांचं माहेर असलेल्या लसिका ग्रंथी ओस पडतात, आणि उरलेल्या पेशी हाक दिली तरी पूर्वीसारख्या भराभर वाढत नाहीत. तिकडे आतडंही सुस्तावतं. एरवी तिथे चारा आंबताना थोडी ऊब मिळते, तीही जाते. खाणं सुटतं, चरबी झिजते, आणि एखादा न्यूमोनियासुद्धा जीव घ्यायला पुरतो.

म्हणून गोठून मेली, एवढं म्हटलं की गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होते. कित्येक जणी आठवड्यांच्या गारठ्यात आतून पोखरल्या जातात. 2010 साली फ्लोरिडात थंडीने अडीचशेहून जास्त मॅनटी दगावल्या.

(दृश्य : झऱ्यात आई आणि पिल्लू.)

झऱ्याचं पाणी बारमाही 22 अंशांच्या आसपास. फरक दोनच अंशांचा, पण तेवढ्यात जीव तरतो. कित्येक मॅनटी वीजकेंद्रांतून सोडलेल्या गरम पाण्यातही आसरा घेतात. जुनी केंद्रं बंद पडतील तेव्हा काय, ही तिथल्या अभ्यासकांची खरी काळजी. कारण उबेची वाट पिल्लू आईमागून पोहतच शिकतं, आणि मोठं झाल्यावर थंडी पडली की त्याच ठिकाणी परत येतं.