पाहुणे पक्षी आणि शिकारीचा परवाना

[दृश्य: पहाट. उजनीचं पाणी, कुंभारगावचा काठ. होड्या अजून बांधलेल्या. लांबून पट्टकादंब हंसांची रांग खाली उतरते आहे.]

निवेदन:

पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर गेलं की भिगवण येतं. तिथून डावीकडे वळलं की डिकसळ, कुंभारगाव आणि समोर पसरलेलं पाणी. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि नदीकाठची गावं, शेतं, देवळं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही वर डोकं काढतं. ज्या चिखलातून माणसं उठली, त्याच चिखलावर आता दर हिवाळ्यात पक्षी उतरतात.

हे पट्टकादंब मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग ही मंडळी त्याहूनही उत्तरेकडची. चक्रवाकाच्या जोड्या वाळूवर बसलेल्या दिसतात. पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडला की रोहित पक्षी येतात, आणि मग पुण्याहून गाड्यांची रांग लागते.

या पक्ष्यांच्या शिकारीचा परवाना कुठे मिळतो, असं विचारणारी माणसं आजही भेटतात. कुणी परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेले फोटो पाहिलेले असतात. कुणाच्या घरी आजोबांची बारा बोअरची बंदूक असते आणि त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत तो मोठा झालेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतंच असं नाही, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. परवाना कुठेच मिळत नाही. वन खात्यात नाही, पोलिसांकडे नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही. बंदुकीचा परवाना वेगळा. तो हत्यार बाळगण्याचा असतो, त्याने पक्ष्यावर हक्क मिळत नाही.

[दृश्य: जुन्या कागदांचे, शिक्क्यांचे जवळून घेतलेले तुकडे.]

एके काळी मात्र परवाने होते. इंग्रजांनी 1887 मध्ये आणि पुढे 1912 मध्ये कायदे केले. विणीच्या काळात मारू नका, बाकी काळ मोकळा, एवढाच त्यांचा रोख. आपल्याकडे मुंबई राज्याचा 1951 चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा आला. मग 1972 मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला, तरी परवाने लगेच बंद झाले नाहीत. त्या कायद्याच्या अनुसूच्यांमध्ये प्राण्यांची वर्गवारी होती: काहींना पूर्ण संरक्षण, मग विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार. जवळपास सगळी बदकं ‘लहान शिकार’ या वर्गात होती. फी भरा, परवाना घ्या, मनाई काळ पाळा, मारलेल्याची नोंद ठेवा.

त्या कायद्यातला एक बारकावा वाचताना मी थबकले. पाणवठ्यावर दबा धरून शिकार करायची नाही, असा नियम होता. तहानलेल्या जिवाला पाण्याशी गाठून मारणं त्या काळच्या शिकाऱ्यांनाही शोभत नव्हतं. पण या नियमाला अपवाद होता, पाखुर्ड्या (माळरानावरचे पक्षी) आणि पाणपक्ष्यांचा. ज्यांचं सगळं जगणंच पाण्यावर, नेमकी त्यांच्यासाठी पाण्यावरची दया बाजूला ठेवली होती.

परवान्यांच्या आणि मानमरातबाच्या त्या जगात काय घडू शकत होतं, हे राजस्थानातल्या भरतपूरला दगडावर कोरलेलं आहे. नोव्हेंबर 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तेच भरतपूर आज राष्ट्रीय उद्यान आहे.

हा दरवाजा 1991 च्या दुरुस्तीने बंद केला. शिकारीच्या परवान्यांची कलमं कायद्यातून काढून टाकली. पुढे 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून त्या लागू झाल्या. आता पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार कलम 9 खाली बंद आहे.

[दृश्य: काठावर वाळत घातलेली मासेमारीची जाळी. एका मुलाच्या हातात गलोल.]

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते. कायद्याच्या डोळ्यांसमोर पुष्कळ गोष्टी येतात. मारणं, विष घालणं, पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. प्रयत्नसुद्धा येतो, म्हणजे नेम चुकला तरी शिकार झालीच. हत्यारांच्या व्याख्येतही बंदुकीबरोबर जाळं, गळ, सुरी, विष आणि फास आहेत. तेव्हा धान्यात कीटकनाशक कालवून पाण्याच्या कडेला टाकणारा माणूस बंदूकवाल्यापेक्षा सौम्य ठरत नाही. माझ्या मते तो जास्त क्रूर आहे. ते विष बदकावर थांबत नाही. मेलेलं बदक खाणाऱ्या घारीपर्यंत, कुत्र्यापर्यंत ते जातं, आणि बाजारात ते मांस विकलं तर माणसाच्या ताटापर्यंत.

एअरगनबद्दलही मोठा गैरसमज आहे. कमी ताकदीच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरं टिपायला हरकत नाही असं कित्येकांना वाटतं. ती बंदूक परवानामुक्त असते. अडई बदक परवानामुक्त नसतं.

आणि ढाब्याचं काय? फार्मवर वाढवलेला जपानी लाव वेगळा. ‘रानातला माल आहे’ असं कुजबुजत सांगून ताटात वाढलेलं तितर किंवा बदक हे वन्य प्राण्याचं मांस. असा बेकायदा मारलेला वन्य प्राणी कलम 39 नुसार सरकारची मालमत्ता असतो. असं मांस किंवा पिसं कुणाकडे सापडली, तर ती बेकायदा नाहीत हे दाखवून देण्याचं ओझं ज्याच्याकडे सापडली त्याच्यावर येतं.

[दृश्य: नकाशा. सुपे, पाषाण, कवडी पाट, वीर धरण, भिगवण ही ठिकाणं एकेक करून उजळतात.]

‘पण हे काही अभयारण्य नाही.’ काठावर हे वाक्य फार ऐकू येतं. पुणे जिल्ह्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, त्याला हद्द आहे, फाटक आहे. उजनीच्या पाण्याला असं फाटक नाही, म्हणून इथे चालतं अशी समजूत. शिकारबंदी जागेला चिकटलेली नाही, ती पक्ष्याला चिकटलेली आहे. मंगोलियातून आलेला हंस भिगवणला उतरो, कवडी पाटाला मुळा-मुठेच्या फेसाळ पाण्यावर उतरो, पाषाण तलावात उतरो, नाहीतर कुणाच्या शेततळ्यात. कायदा त्याच्या पंखांबरोबर येतो. शेत तुमचं, तळं तुमचं, पण त्यावर बसलेला तो जीव तुमचा नाही.

पिकाचं नुकसान होतं म्हणून मारलं, असंही सांगतात. जिवाला धोका असेल किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कलम 11 खाली लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकतात. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी पिकाच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीचं कारणही तिथे आहे. पण ती परवानगी आधी आणि अधिकाऱ्याने लेखी द्यायची असते. ती स्वतःच स्वतःला देता येत नाही.

[दृश्य: माळरान. एक म्हातारे गृहस्थ घोड्याच्या केसांचा फास कसा वळायचा ते बोटांनी दाखवतात. चेहरा दिसत नाही.]

इथे एका समाजाबद्दल बोलायलाच हवं. लावे आणि तितर फासात पकडणं हे फासेपारध्यांचं पिढ्यानपिढ्यांचं पोट होतं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून 1952 मध्ये पुसला, पण लोकांच्या नजरेतून अजून गेलेला नाही. परवान्यांच्या काळात बंदूक आणि फी ज्याला परवडत होती तो ‘शिकारी’ म्हणवला गेला आणि फास लावणारा ‘चोर’. शिकारबंदी सगळ्यांना सारखी लागू आहे आणि ती हवीच. पण कुठे पक्षी मेलेला दिसला की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय अन्यायाची आहे, आणि तिने खरा गुन्हेगार मोकळा सुटतो. पाखराच्या आवाजावरून, मातीतल्या खुणेवरून ते कुठे आहे हे सांगणारी ही माणसं पक्षीगणनेत आणि वनरक्षकांबरोबर असायला हवीत.

हे घडू शकतं. नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या जलाशयाकाठी 2012 मध्ये अमूर ससाणे हजारोंच्या संख्येने जाळ्यांत पकडले जात होते. चित्रं बाहेर आली, देश हादरला. पुढच्याच हंगामात त्याच गावांनी जाळी गुंडाळली आणि पहारा दिला. भिगवणलाही काल मासे धरणारे हात आज होडी वल्हवत पक्षी दाखवतात. कुठला पक्षी कुठल्या बेटावर बसतो हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक असतं.

[दृश्य: पक्ष्याच्या पायातलं धातूचं कडं, अगदी जवळून. कड्यावर अंक.]

मग परवाना असा काही उरलाच नाही का? उरला आहे. कलम 12 खाली शिक्षण, शास्त्रीय संशोधन, संग्रहालयासाठी नमुने अशा कामांना परवाना देता येतो. महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्र सरकारची आधी मान्यता लागते. पक्षी जाळीत धरायचा, वजन करायचं, पंख मोजायचा, पायात क्रमांकाचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचा. मला हा परवाना फार सुंदर वाटतो. ‘पकडणे’ हीसुद्धा कायद्याने शिकारच, म्हणून पक्षी हातात घेऊन सोडून देणाऱ्यालाही परवानगी मागावी लागते.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, 1959 मध्ये डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. कड्यावर संस्थेचं नाव आणि क्रमांक असतो. असा पक्षी जखमी किंवा मेलेला सापडला तर क्रमांक नीट टिपा, फोटो घ्या, संस्थेला कळवा. मंगोलियात मानेत अक्षरांचे पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात दिसतात, ते अशाच नोंदींतून समजलं.

[दृश्य: पुन्हा नकाशा, या वेळी उत्तर अमेरिका.]

अमेरिकेत मात्र बदकांची शिकार परवान्याने चालते, आणि ती व्यवस्था उथळ नाही. कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी 1916 मध्ये करार झाला आणि त्यावर 1918 चा स्थलांतरित पक्षी कायदा उभा राहिला. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या पाणपक्षी शिकाऱ्याला राज्याचा परवाना लागतो आणि वर 25 डॉलरचा ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. 1934 पासून चालत आलेल्या या तिकिटाच्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेतल्या जातात. हंगाम आणि दिवसाला किती पक्षी मारायचे याची मर्यादा दर वर्षी मोजणी पाहून ठरते. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. शिशाचे छर्रे पाण्यात पडून पक्ष्यांना विषबाधा होते म्हणून 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी ते देशभर बंद आहेत. आपण परवाने बंद केले तेही 1991 मध्येच.

‘मग आपणही तसं करू’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिथली मर्यादा मोजणीवर उभी आहे. आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती मुख्यतः स्वयंसेवक करतात, थंडीत, स्वतःच्या खर्चाने. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण त्या आकड्यांवरून ‘इतके मारा’ असं ठरवता येणार नाही. शिवाय या पक्ष्यांचा मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांवरून जातो. एका देशाने किती मारायचे हे बाकीच्यांना विचारल्याशिवाय कसं ठरणार? स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1983 पासून आहे आणि त्याची परिषद 2020 मध्ये गांधीनगरला भरली होती. आपण दिलेला शब्द मारण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे.

[दृश्य: रोहित पक्ष्यांचा थवा शांतपणे चरतो आहे. एक होडी वेगाने त्यांच्या दिशेने जाते. थवा उडतो. कॅमेऱ्यांचे आवाज.]

हे दृश्य शनिवार-रविवारचं आहे. रोहित पक्ष्याच्या पंखांतला गडद गुलाबी रंग तो उडाला की दिसतो, म्हणून होडी थव्यात घालायला सांगितली जाते. नावाड्याला नाही म्हणणं जड जातं, कारण पैसे तुम्ही देणार असता. शिकारीच्या व्याख्येत ‘हाकणं’ हा शब्द आहे, हे आपण मघाशी ऐकलं. फोटोसाठी थवा उठवणं त्यात बसतं का, हे न्यायालय ठरवेल. मला त्यासाठी निकालाची गरज नाही. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतो. दर वेळी उठवलं की ती थोडी जळते. इंजिन बंद करा, वल्ह्याने जा, लांब थांबा. तो आपला आपण उडेल तेव्हा फोटो घ्या. कुरव पक्ष्यांना (सीगलना) शेव-फरसाण टाकणंही थांबवा.

[दृश्य: वन खात्याची गाडी. भिंतीवर 1926 हा क्रमांक.]

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि किमान 25,000 रुपये दंड. इतर गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाण्यात संशयास्पद जाळं, काठावर विषाचं धान्य किंवा मेलेले पक्षी एकगठ्ठा दिसले तर हात लावू नका, वन खात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. साठ दिवसांची नोटीस देऊन साधा नागरिकही या कायद्याखाली न्यायालयात तक्रार नेऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

[दृश्य: मार्चमधलं उजनी. ओसरलेलं पाणी, भेगाळलेला चिखल, त्यावर लावलेली पिकं, पाणी ओढणाऱ्या मोटारी.]

एक भगदाड मात्र उघडं आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे बदक मारणारा गुन्हेगार, पण ज्या चिखलावर ते बदक जगतं त्या चिखलाला या नियमांचा आधार नाही. यावर वन्यजीव कायद्यातच एक वाट आहे. 2002 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 36 अ राज्य सरकारला, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, सरकारी मालकीच्या जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करू देतं. त्याच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. उजनीच्या काठासाठी हीच वाट मला योग्य वाटते, आणि त्या समितीत कुंभारगाव-डिकसळचे मच्छीमार पहिल्या दिवसापासून बसलेले हवेत.