ब्रेक नसलेल्या मोटारसायकलवरचा तोल

मित्रहो, स्पीडवे या शर्यतींच्या खेळातल्या मोटारसायकलला ब्रेक नसतो, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला ती थाप वाटली होती. पण ते खरे आहे. 500 सीसीचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन, एकच गिअर आणि बारीक खडीच्या चुऱ्याची अंडाकृती धावपट्टी, एवढ्यावर चार स्वार डावीकडे वळत वळत चार फेऱ्या मारतात आणि साधारण मिनिटभरात शर्यत संपते. वळणावर स्वार थ्रॉटल न सोडता मागचे चाक बाहेर घसरू देतो. त्या वेळी हँडल उजवीकडे, गाडी मात्र डावीकडे वळत असते आणि पोलादी तळ बांधलेला डावा पाय जमिनीला घासत जातो.

अशा गाडीवर जेमतेम पाच फूट उंचीचा माणूस काय करणार? लिव्हरपूलला 1934 मध्ये जन्मलेल्या पीटर क्रेव्हनने अंगातली ताकद कमी पडते तिथे वजन कुठे टाकायचे, याचे गणित बसवले. चाकाची पकड सुटते आहे असे जाणवताच तो सबंध शरीर खोगिरावरून क्षणात मागे किंवा बाजूला सरकवत असे. लोक त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत. मला स्वतःला त्यात जादूपेक्षा तालीम जास्त दिसते.

मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाकडून तो नावारूपाला आला. त्या काळी जगज्जेतेपद वेम्बली स्टेडियमवर एकाच रात्रीत ठरे. 16 स्वार, 20 शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. आखणी अशी चोख, की प्रत्येक जण उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा भिडतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. म्हणजे एकदा जरी गाडी रुसली तरी वर्ष वाया. 1955 साली एकविसाव्या वर्षी क्रेव्हनने 15 पैकी 13 गुण मिळवून रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज या न्यूझीलंडच्या दोघांना एका गुणाने मागे टाकले. 1962 मध्ये 14 गुणांसह तो पुन्हा जगज्जेता झाला. त्याच्यानंतर दुसऱ्यांदा जगज्जेता होणारा ब्रिटिश स्वार निपजायला 2015 उजाडले. तो ताय वॉफिन्डन.

20 सप्टेंबर 1963 रोजी बेल व्ह्यूचा संघ एडिंबराच्या ओल्ड मेडोबँक मैदानावर एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी गेला होता. तिथे क्रेव्हनच्या पुढे धावणारा जॉर्ज हंटर धावपट्टीवर कोसळला. एरवी माणूस अशा वेळी ब्रेक दाबतो. इथे दाबायला ब्रेकच नव्हता. क्रेव्हनने गाडी वळवून हंटरला चुकवले आणि तो सरळ कुंपणावर जाऊन आदळला. चार दिवसांनी, 24 सप्टेंबरला, एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. हंटर वाचला आणि पुढेही अनेक वर्षे शर्यती खेळत राहिला.