जादूचं बिल कोण भरतं?

(बडोद्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सिनेमा सुटल्यावर थिएटरच्या जिन्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘पुस्तकाची सर नाही.’ मला या वाक्याचं वावडं नाही. पण त्याच्या पाठोपाठ जी यादी येते ना, तिचा कंटाळा आहे. हा प्रसंग गाळला, ते पात्र घुसडलं, अमकीचे केस काळे हवे होते. अहो, पाच-सातशे पानांचं अडीच-तीन तासांत बसवायचं म्हटलं की काटछाट आलीच! अद्भुतकथेवरचा सिनेमा बघताना मी एवढंच बघतो की त्या गोष्टीतल्या जादूला काही अट आहे का, आणि त्या जादूचं बिल शेवटी कुणी भरलं का. भरलं असेल तर बाकीचं सगळं माफ.

सोपं उदाहरण घेऊ. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हे बॉमचं पुस्तक १९०० सालचं. त्यात नायिका डोरथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९च्या सिनेमात ते लाल माणकांचे झाले, कारण टेक्निकलरमध्ये लाल रंग झळकतो. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. पण त्याच सिनेमाने तिचा ऑझ नावाच्या जादूच्या देशातला सगळा प्रवास शेवटी स्वप्न ठरवला. पुस्तकात तो देश खरा आहे. स्वप्नात हरवलेली मुलगी जागी झाली की हिशेब मिटला. बुटांचा रंग बदलला म्हणून कुरकुर करणारे लोक इथे मात्र गप्प बसतात, याची मला गंमत वाटते.

आता मोठ्या घरात शिरू. टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये तीन खंडांत आलं. पीटर जॅक्सनने न्यूझीलंडमध्ये चित्रित केलेले तीन सिनेमे २००१, २००२ आणि २००३मध्ये आले, आणि तिसऱ्याला अकरा ऑस्कर मिळाले. टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळलं म्हणून चाहते अजून रुसलेले आहेत. मला तो रुसवा कळतो, पण पटत नाही. मी तुम्हाला कळसाच्या दोन मिनिटांकडे न्यायचं म्हणतोय. घातक जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि ऐन वेळी अंगठी टाकायला नकार देतो. ‘ही माझी,’ म्हणतो. त्या अंगठीपायी वेडा झालेला गॉलम झडप घालून अंगठीसकट त्याचं बोट तोडतो. इथपर्यंत पुस्तक आणि सिनेमा हातात हात घालून चालतात. पुस्तकात गॉलम आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन पडतो. सिनेमात फ्रोडो उठतो, दोघांची झोंबाझोंबी होते, आणि मग गॉलम पडतो.

फरक एवढासा वाटतो. पण पुस्तकात अंगठी कुणाच्याही पराक्रमाने नष्ट होत नाही. आधी ही अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोने आणि मग फ्रोडोने या किळसवाण्या प्राण्याला मारायची संधी असताना सोडून दिलेलं असतं, ती दया शेवटी कामाला येते. जॅक्सनने नायकाच्या हाताला थोडं काम दिलं. प्रेक्षकाला नायकाने काहीतरी केलेलं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी मी त्याला पास करतो, कारण बिल त्याने फाडून टाकलेलं नाही. बोट गेलं ते गेलंच. जुनी जखम दुखतेच, आणि ज्या गावासाठी हा एवढा खटाटोप केला त्या गावात फ्रोडोला राहता येत नाही. त्यातलं एक कलम मात्र गाळलं, त्याची चुटपुट आहे. पुस्तकात फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती परत येतात तेव्हा गावच उद्ध्वस्त झालेलं असतं. सिनेमात गाव जसंच्या तसं हिरवंगार.

‘हॉबिट’बद्दल फार बोलत नाही. १९३७चं मुलांसाठीचं सुटसुटीत पुस्तक, त्याचे २०१२ ते २०१४मध्ये तीन सिनेमे, मिळून जवळपास आठ तास. टॉरिएल नावाची एक एल्फ नव्याने निर्माण करून तिला एका बुटक्याच्या प्रेमात पाडलं. पुस्तक वाचा, तेवढ्याच वेळात होईल.

याच्या उलट टोकाला ‘द गोल्डन कंपास’. फिलिप पुलमनच्या १९९५च्या कादंबरीवर २००७मध्ये निघालेला सिनेमा. माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत फिरतो, ही त्यातली कल्पना पडद्यावर इतकी सुरेख उतरली की दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. पण कादंबरीच्या शेवटी नायिका लायरा ज्या मित्राला वाचवायला निघालेली असते, तोच रॉजर तिच्यामुळे मृत्यूच्या दारात पोचतो आणि मरतो. ही शेवटची प्रकरणं चित्रित झाली होती. प्रदर्शनाआधी ती कापली, आणि सिनेमा आशेच्या सुरावर संपवला. पुढचे भाग निघालेच नाहीत. २०१९च्या मालिकेने मात्र तो मृत्यू दाखवायची हिंमत केली. बघायचं तर ती बघा.

हॅरी पॉटरचे पहिले दोन सिनेमे आज्ञाधारक आहेत. तिसरा, २००४चा, अल्फान्सो क्वारोनचा. जादूचा नकाशा कुणी केला हे त्यात सांगितलंच नाही, म्हणून वाचकांनी बोटं मोडली. पण वेळ मागे नेण्याची अट त्याने जी पाळली, ती बघण्यासारखी आहे. हॅग्रिडच्या झोपडीत मुलं बसलेली असताना कुठूनसा एक दगड येतो आणि बरणी फुटते. कुणी मारला, कळत नाही. बऱ्याच वेळाने तीच मुलं मागच्या वेळेत जाऊन बाहेर लपून उभी राहतात, आणि हर्मायनी तोच दगड उचलून फेकते. पुस्तकात हा दगड नाही. घडलेलं बदलत नाही, ते एकदाच घडतं आणि त्यात आपलाही हात असतो, हे पुस्तकाने पानं खर्चून समजावलं. क्वारोनने एका दगडात भागवलं.

आता आपल्या मातीत येऊ. आपण इथे बसलोय ते दादासाहेब फाळक्यांच्या गावात, असं मी हक्काने म्हणतो. नाशिककर रागावले तरी चालेल. फाळके इथल्या कलाभवनात शिकले. त्यांच्या १९१९च्या ‘कालियामर्दन’च्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी नुसती कॅमेऱ्याकडे बघून चेहऱ्यावर एकेक भाव आणते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. ‘ही माझी मुलगी, आणि आता हा देव,’ असं सांगून केलेली जादू! एवढा सच्चेपणा आजच्या कोट्यवधींच्या संगणकी करामतीत क्वचित दिसतो.

ज्या जोडीसाठी मी आज मुद्दाम आलो, ती म्हणजे ‘दुविधा’ आणि ‘पहेली’. विजयदान देथांची राजस्थानी कथा एकच, सिनेमे दोन: मणि कौलचा १९७३चा, आणि आपल्या अमोल पालेकरांचा २००५चा. सावकाराचा मुलगा लग्न करून येतो आणि मुहूर्त बघून पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. वाटेत नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. सासऱ्याला रोज पाच मोहरा देण्याची सोय करतं, म्हणजे सासरा गप्प. पण नवरीला ते खरं सांगतं: ‘मी तुझा नवरा नाही, भूत आहे. आता तू ठरव.’ सगळी कथा या एका वाक्यावर उभी आहे. आजवर त्या बाईला कुणी काही विचारलेलंच नसतं. विचारलं ते भुताने.

पुढे खरा नवरा परततो, तेव्हा तिच्या पदरी भुताचं मूल असतं. एक मेंढपाळ युक्तीने भुताला कातडी पखालीत शिरायला लावतो आणि तोंड बांधून टाकतो. ‘दुविधा’त मग ती बाई त्याच कोरड्या नवऱ्याकडे उरते. पुन्हा तिला कुणी विचारत नाही. ‘पहेली’त भूत शेवटी नवऱ्याच्या देहातच येऊन राहतं. शाहरुख खान दोन्ही भूमिकांत, म्हणजे नायिकेला हवा तो मिळाला आणि समाजालाही हरकत उरली नाही.

पालेकरांना मी दोष देणार नाही. संध्या गोखल्यांच्या पटकथेने बाईच्या निवडीला जिंकू दिलं, हा एक विचार आहे, आणि तो लाखो लोकांपर्यंत गेला. भारतातर्फे तो सिनेमा ऑस्करला पाठवलाही गेला. पण माझी मोजपट्टी लावली, तर तिथे बिल कुणी भरलंच नाही. कौलच्या सिनेमात ते तिने भरलं, आणि म्हणून तो डोक्यातून जात नाही. आणखी एक: ‘दुविधा’चा कॅमेरा नवरोझ कॉन्ट्रॅक्टरचा, आणि ते आपल्या इथल्या ललितकला विद्याशाखेचे विद्यार्थी. पांढरी भिंत, लाल ओढणी, मध्येच थबकलेलं चित्र. एखादी चौकट जरा जास्त वेळ रेंगाळली, की समजा चित्रकाराचा डोळा आहे.

‘तुंबाड’ न सांगता तुम्ही मला इथल्या सूरसागर तलावापर्यंतही जाऊ देणार नाही. २०१८चा राही अनिल बर्वेंचा सिनेमा. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. हे काटेकोर रूपांतर नव्हे. पण अट बघा: हस्तर नावाच्या शापित, भुकेल्या देवासाठी कणकेची एक बाहुली न्यायची, तो ती खाण्यात गुंतला की लंगोटातल्या मोहरा काढायच्या. पुढच्या पिढीतल्या पोराला वाटतं, जास्त बाहुल्या नेल्या तर काम एकदाच होईल. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! लोभाचं गणित इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

(इथे पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, ‘हे सगळं ठीक, पण सुट्टीत नातवंडं येतात, त्यांना काय दाखवू?’)

काकू, ‘तुंबाड’ नको, तो पोरं झोपल्यावर तुम्ही बघा. त्यांना सत्यजित राय यांचा १९६९चा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ दाखवा. रायांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोरांची गोष्ट. भुतांच्या राजाने दिलेला वर चालायला दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यावी लागते, एकट्याचं काम नाही. युद्धावर निघालेलं उपाशी सैन्य आकाशातून उतरणाऱ्या मिठाईच्या हंड्यांवर तुटून पडतं, आणि लढाई राहते बाजूला. बंगाली कळत नाही म्हणाल, तर खालची अक्षरं तुम्ही मराठीत वाचून दाखवा, मुलांना आणखी मजा येईल. सिनेमा कृष्णधवल आहे म्हणून कुरकुर करतील, पण भुतांचा नाच येईपर्यंत धीर धरायला सांगा. मोठ्या नातीला तिसरा हॅरी पॉटर.

आणि तुम्ही स्वतः एका शनिवार-रविवारी ती जोडी बघा. आधी ‘दुविधा’, मग ‘पहेली’. उलटं केलंत तर ‘पहेली’चे रंग आणि गाणी डोळ्यांत राहतील, आणि कौलचा सिनेमा नुसता संथ वाटेल. त्यात संवाद फार कमी आहेत, तेव्हा आवाज जरा मोठा ठेवा आणि पहिल्या दहा मिनिटांत चहा टाकायला उठू नका.